पाया कशावर आहे?

(पडद्यावर: बेलफास्टमधली ओली सकाळ. दारात उभी असलेली गाडी. एक म्हातारा हात मागचं दार उघडतो, मग विचार बदलून पुढचं उघडतो.)

बाबा रत्नागिरीहून पहिल्यांदाच इथं आले, तेव्हा त्यांना काय दाखवायचं हा प्रश्नच नव्हता. त्यांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात, ओव्हरसियर म्हणून, घाटरस्त्यांवर गेली. इमारत कितीही देखणी असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाया कशावर आहे?

आयर्लंड बेटाच्या ईशान्य टोकाला अँट्रिमचा किनारा आहे. तिथे कड्यांच्या टोकावर किल्ले उभे आहेत. पर्यटकांच्या मोठ्या बस तिथे जातात, पण प्रत्येक ठिकाणी थांबायला मोजकीच मिनिटं देतात. बाबांचे गुडघे आता तेवढे भराभर चालत नाहीत, आणि दगड बघायचा तर तो घाईत बघून चालत नाही. म्हणून आम्ही दिवसभरासाठी गाडी ठरवली. आमचे ड्रायव्हरकाका इथलेच. "तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल तेवढा वेळ," एवढंच ते म्हणाले.

(पडद्यावर: कॅरिकफर्गसचा किल्ला. ओहोटी. काळा खडक, त्यावर चढत गेलेली भिंत.)

अर्ध्या तासात पहिला मुक्काम आला, कॅरिकफर्गस. 'कॅरिक' म्हणजे खडक. फर्गस नावाच्या राजाचा खडक. इथल्या गावांची नावं अशीच आहेत. 'कॅरिक' आला की खडक समजायचा, 'डन' आला की गड. बाबांनी हे दोन शब्द लगेच खिशात टाकले आणि दिवसभर पाट्या वाचत राहिले.

११७७मध्ये जॉन द कूर्सी या नॉर्मन सरदाराने हा किल्ला बांधायला घेतला. समुद्रात घुसलेल्या काळ्या कातळाच्या जिभेवर. १२१०मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने तो वेढा घालून घेतला. १६९०मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम आयर्लंडमधल्या बॉइन नदीवरच्या लढाईला निघाला, तो इथेच किनाऱ्याला लागला. आणि १९२८पर्यंत इथे फौजेचा वावर होता. म्हणजे साडेसातशे वर्षं हा किल्ला कामावर होता!

बाबा मात्र तटाच्या तळाशी उभे होते. भिंतीचा पहिला थर जिथे खडकावर बसतो, ती रेघ ते शोधत होते. कुठे खडक संपतो आणि कुठे भिंत सुरू होते, हे काही ठिकाणी खरोखर कळत नाही. "चांगलं काम आहे," ते म्हणाले. बाबांच्या तोंडून एवढं ऐकायला कंत्राटदार वर्ष वर्ष वाट बघायचे.

(पडद्यावर: समुद्राला चिकटून जाणारा रस्ता. एका बाजूला लाट, दुसऱ्या बाजूला कडा.)

लार्न गावाच्या पुढे गाडी थेट पाण्याच्या कडेने धावू लागते. आता जे बोलणार आहे ते मी बाबांकडून शिकले, कारण एरवी मी या रस्त्यावरून चार वेळा गेले होते आणि चारही वेळा फक्त समुद्र पाहिला होता.

हा रस्ता १८३२ ते १८४२ या काळातला. त्याआधी या भागातल्या नऊ दऱ्यांमधल्या माणसांना डोंगरावरून चढ-उतार करत जावं लागे. विल्यम बाल्ड या स्कॉटिश इंजिनिअरने वेगळा विचार केला. वर चढायचं नाही. कडाच सुरुंगाने खाली आणायचा, तो दगड किनाऱ्यावर पसरायचा आणि त्याच्याच भरावावर रस्ता न्यायचा. कड्याचा पाया केला त्याने.

बाबा खिडकीची काच खाली करून बसले. सुरुंगाचं नाव निघालं आणि ते बोलू लागले. घाटात दगड फोडताना किती भोकं भरली ते आधी मोजून ठेवायचं. मग बत्ती द्यायची आणि आडोशाला बसून आवाज मोजायचे. बारा भोकं असतील तर बारा आवाज. अकराच आले तर कुणीही जागचं हलायचं नाही. एक कुठेतरी जिवंत आहे. "आम्ही बोटांवर मोजायचो," ते म्हणाले. "मोठ्याने कुणी मोजायचं नाही."

इथल्या कड्याचा छेद बघावा. खाली पांढराशुभ्र चुनखडीचा दगड, वर काळा बेसॉल्ट. पूर्वीचे मास्तर पांढऱ्या धोतरावर काळा कोट घालून उभे असत, तसा. पांढरा थर कोट्यवधी वर्षं समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जिवांच्या कवचांचा. आणि साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी अटलांटिक महासागर इथे उघडायला लागला, जमीन फाटली, तेव्हा त्यावर लाव्हा पसरला. पांढऱ्याच्या खाली आणखी एक थर आहे, चिकणमातीचा. पाऊस मुरला की तो घसरतो आणि वरचं सगळं घेऊन रस्त्यावर येतो. दरडी इथेही कोसळतात.

कार्नलॉ गावात कमानीचा पूल आणि धक्का दोन्ही त्याच पांढऱ्या दगडाचे. तिथे चहा घेतला.

(पडद्यावर: टॉर हेड. वारा. दूर निळसर जमीन.)

टॉर हेडच्या टोकावरून समोर दिसते ती जमीन स्कॉटलंडची. अंतर जेमतेम २० किलोमीटर. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढच्या किल्ल्यांचा इतिहास समजत नाही. मॅकडॉनेल हे घराणं त्या बाजूचं. त्यांना हा समुद्र ओलांडणं म्हणजे खाडी ओलांडण्यासारखं होतं. संकट आलं की या टोकावर जाळ करायचे आणि पलीकडून भाऊबंद होड्या घेऊन निघायचे, असं सांगतात.

त्यातल्याच कोला मॅकडॉनेलने १५४७मध्ये किनबेनचा किल्ला बांधला. 'किनबेन' म्हणजे पांढरं डोकं. चुनखडीचं एक अरुंद टोक समुद्रात शिरलंय, त्यावर. खाली उतरायला १४० पायऱ्या आहेत, तेव्हा बाबा वर थांबले आणि मी कॅमेरा घेऊन गेले. एक मोडका बुरूज, एका खिडकीचा चौकोन, त्यातून दिसणारं पाणी. कोला पुढच्या अकरा वर्षांतच वारला. परत वर आल्यावर बाबांनी विचारलंच. मी म्हटलं, "चुनखडीवर." त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

कॅरिक-अ-रीडचा झुलता पूल आम्ही वरूनच पाहिला. पाण्यापासून ३० मीटर उंचीवर लटकणारा, २० मीटर लांबीचा. १७५५ साली सॅमन पकडणाऱ्या कोळ्यांनी तो पहिल्यांदा बांधला, पलीकडच्या छोट्या बेटाशी जाळी लावता यावी म्हणून. सॅमन आपल्या नदीकडे परतताना या बेटाला वळसा घालतो, तिथेच ते त्याला गाठत. मासा कमी होत गेला आणि २००२नंतर इथली मासेमारी थांबली. पूल आता फक्त पाहुण्यांसाठी आहे.

(पडद्यावर: जायंट्स कॉजवे. काळे षटकोनी खांब, पायऱ्या पायऱ्यांनी समुद्रात उतरणारे. बराच वेळ निवेदन नाही. फक्त लाटा.)

इथे आम्ही तीन तास होतो. बसने आलो असतो तर हे जमलंच नसतं.

सुमारे ४०,००० खांब. बहुतेक षटकोनी, काही पाच कोनांचे, काही सात. एकाला एक असे खेटून की मधे नखही जाऊ नये. गोष्ट अशी सांगतात की फिन मॅकूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या बेनॅनडॉनरशी झुंजायला हा सेतू घातला. पण शत्रूचा आकार पाहून तो घरी पळाला. त्याच्या बायकोने त्यालाच दुपटं गुंडाळून पाळण्यात निजवलं. बेनॅनडॉनरने ते बाळ पाहिलं. बाळ एवढं, तर बाप केवढा! तो सेतू तोडत परत गेला. समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर असेच खांब आहेत, म्हणून गोष्टीला दोन्ही टोकं मिळतात. मला या कथेत फिनची बायको सगळ्यांत आवडते.

आणि लाव्हाची गोष्ट ही. एका दरीत लाव्हा साचला, जाड थराने, आणि सावकाश निवला. निवताना दगड आक्रसतो. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाच्या चिखलाला भेगा पडतात, तशाच भेगा इथे पडल्या आणि वरून खाली उतरत गेल्या. सावकाश निवल्यामुळे त्यांना नीट मांडून घ्यायला वेळ मिळाला. खांब आडवेही तडकले आहेत. एका तुकड्याला खळगा, दुसऱ्याला फुगवटा, जात्याच्या तळ्या एकावर एक ठेवाव्यात तसे.

आपल्याला हा दगड अनोळखी नाही. सह्याद्री याच काळ्या बेसॉल्टचा. आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला त्यानंतरचा. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून जो कडा इमारतींच्या मधोमध उभा आहे, त्याचेही असेच खांब आहेत.

पण बाबा खांबांपाशी फार रमले नाहीत. त्यांचं लक्ष मागच्या कड्याकडे होतं. कड्याच्या मध्यावर, काळ्या थरांच्या बरोबर मधे, एक तांबडा पट्टा जातो. लांबून रंगवल्यासारखा दिसतो. पायवाटेने आम्ही जवळ गेलो. तांबड्या मातीत गोल गोल काळपट दगड बसलेत, त्यांना इथे राक्षसाचे डोळे म्हणतात. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अगो, हा तर जांभा!"

आमचं घर चिऱ्याचं आहे. गावातली झाडून सगळी घरं चिऱ्याची. चिरेखाणीतून जांभ्याचे चौकोनी चिरे निघताना पाहत बाबा मोठे झाले. आणि ते चुकले नव्हते. हा खरोखरच जांभ्याच्या कुळातला थर आहे. पहिला लाव्हा थांबल्यावर इथे फार मोठी विश्रांती होती. तेव्हा इथली हवा उष्ण होती, पाऊस भरपूर होता, झाडी होती. वरचा बेसॉल्ट कुजला, त्यातलं बाकीचं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि माती तांबडी झाली. मग दुसरा लाव्हा आला आणि त्यावर झाकण बसलं. १९व्या शतकात अँट्रिमच्या या तांबड्या थरातून लोहखनिज आणि बॉक्साइट काढत असत. जूनमध्येही स्वेटर घालावा लागणाऱ्या या किनाऱ्यावर एकेकाळी कोकणासारखा पाऊस कोसळत होता, हे त्या पट्ट्यात लिहून ठेवलेलं आहे.

बाबांनी हात लावला नाही. नुसते बघत राहिले. मी कॅमेरा बंद केला होता, म्हणून ते दृश्य तुम्हाला दाखवता येत नाही.

परतताना एक गोष्ट त्यांना फार लागली. खांबांच्या फटींमध्ये लोकांनी नाणी ठोकून बसवलेली असतात, नवस किंवा आठवण म्हणून. नाणी गंजतात, फुगतात आणि दगडाचा कपचा उडवतात. या जागेची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्टने २०२५मध्ये हे थांबवा म्हणून जाहीर विनंती केली. बाबांना समजावून सांगायची गरज पडली नाही. "सळई गंजली की स्लॅब असाच फोडते," ते म्हणाले, आणि गाडीपर्यंत गप्प होते.

(पडद्यावर: संध्याकाळ. लाकाडा पॉइंटचं टोक, मग अंगठीचं चित्र.)

कॉजवेच्या पूर्वेला थोड्या अंतरावर लाकाडा पॉइंट आहे. २६ ऑक्टोबर १५८८च्या रात्री, इंग्लंडवर चालून आलेल्या स्पॅनिश आरमाराचं 'जिरोना' हे जहाज इथे आदळलं. आधी फुटलेल्या जहाजांवरची माणसंही त्यात होती. एकूण जवळजवळ १,३०० माणसं. वाचली ती नऊ असं सांगतात. त्यांना मॅकडॉनेलांनी आसरा दिला. १९६७मध्ये रॉबर्ट स्तेन्वी या बेल्जियन पाणबुड्याने हे जहाज शोधून काढलं. त्यातल्या वस्तू आता बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहेत. त्यांत एक सोन्याची अंगठी आहे. हातात हृदय धरलेलं, आणि स्पॅनिशमध्ये कोरलेलं : तुला द्यायला माझ्याजवळ याहून अधिक काही नाही. कुणी दिली, कुणाला दिली, काहीही ठाऊक नाही. मी त्या काचेसमोर एकदा खूप वेळ उभी होते.

(पडद्यावर: डनलूस. कड्यापासून सुटलेल्या खडकावरचा किल्ला. मधली दरी, त्यावर पूल.)

शेवटी डनलूस. 'डन' पाहिल्याबरोबर बाबा म्हणाले, "गड."

बेसॉल्टचा एक सुळका मुख्य जमिनीपासून जवळजवळ तुटलेला आणि त्याचा माथा पूर्ण बांधून काढलेला. आधी मॅकक्विलन घराणं, मग मॅकडॉनेल. १५८४मध्ये इंग्रजांनी तोफा लावून तो घेतला. सोर्ली बॉय मॅकडॉनेल, किनबेनच्या कोलाचा भाऊ, त्याने थोड्याच काळात परत मिळवला. आतला माणूस फोडून, रात्री टोपल्यांतून माणसं दोरांनी कड्यावर ओढून घेतली, असं सांगतात.

किल्ल्याबाहेर आज कुरण दिसतं. त्याच्या खाली एक गाव आहे. सोर्ली बॉयच्या मुलाने, रँडलने, १६०८च्या सुमारास वसवलेलं. १६४१च्या आयरिश बंडात ते जळालं. उत्खननात फरसबंदी रस्ते आणि घरांचे पाये निघाले. बाबांनी त्या हिरवळीवर पाय टाकण्याआधी चपला काढाव्यात तसा क्षणभर थांबा घेतला.

ड्रायव्हरकाकांनी इथली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट सांगितली. १६३९मध्ये वादळी रात्री मेजवानीची तयारी चालली असताना मुदपाकखानाच नोकरांसकट समुद्रात कोसळला. कोपऱ्यात बसलेला एक पोऱ्या तेवढा वाचला. आणि मग त्यांनीच प्रामाणिकपणे पुढचंही सांगितलं, की त्यानंतर कितीतरी काळाने काढलेल्या चित्रांत तिथली भिंत उभी दिसते. बाबांनी गोष्ट ऐकली आणि विचारलं, "खाली काय आहे?"

खाली गुहा आहे. किल्ल्याच्या बरोबर पोटात. खडकाच्या एका बाजूने शिरून पाणी आतपर्यंत येतं.

साडेनऊ वाजले होते, जूनचा उजेड अजून होता. आम्ही फाटकाबाहेर, कड्याच्या कठड्याशी उभे होतो. लाट गुहेत शिरली की एक दबका आवाज यायचा, धप्प, आणि कठड्याच्या दगडात तो हाताला जाणवल्यासारखा वाटायचा. बाबांनी तळवा दगडावर ठेवला. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी दुसऱ्या हाताने थांबवलं.

मग पाहिलं, तर त्यांचा अंगठा एकेका पेरावरून सरकत होता. ते मोजत होते.