जुनं फाउंटन पेन उघडण्याआधी आणि उघडल्यावर

मंडळी, ड्रॉवरमध्ये सत्तर-ऐंशी वर्षं पडून राहिलेलं पेन वयामुळे क्वचितच संपतं. बहुतेक पेनं संपतात ती कोणीतरी दुरुस्त करायला घेतल्यावर. जोर लावून ओढलेला सेक्शन (लिहिताना बोटं जिथे टेकतात तो भाग), उकळतं पाणी, उघड्या जबड्याची पोलादी पक्कड आणि क्षणात चिकटणारा गोंद यांनी जी नासधूस होते, ती भरून काढणं जवळपास अशक्य असतं. आजचं सगळं बोलणं याच्याभोवती फिरणार आहे. पेन कशाचं बनलंय आणि शाई कशी भरतं, या दोन गोष्टी कळल्याशिवाय त्याला हत्यार लावायचं नाही.

आधी साहित्य. सुरुवातीची पेनं एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची. 1921 साली आलेलं पार्करचं मोठं लाल ड्युओफोल्ड याच जातीचं. बॅरल, म्हणजे पेनाची मुख्य नळी, चोळून गरम केलं आणि गंधकाचा वास आला तर समजावं एबोनाइट. शेफरने 1924 मध्ये सेल्युलॉइडची पेनं आणली आणि त्यानंतर काही वर्षांतच रंगीबेरंगी, शिंपल्यासारखी चमकणारी बॅरलं सगळीकडे दिसू लागली. सेल्युलॉइड चोळलं की कापराचा वास येतो, कारण ते बनतंच नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून. तिसरं केसीन, दुधातल्या प्रथिनापासून केलेलं. कॉन्वे स्टुअर्टच्या कितीतरी मॉडेलांत ते सापडतं. 1941 च्या पार्कर 51 पासून पुढे मात्र अॅक्रिलिकसारखी बरीच सोशीक प्लास्टिकं आली.

ही नावं पाठ करून काय मिळतं? प्रत्येकाचा शत्रू वेगळा आहे, तो कळतो. एबोनाइट पाण्यात भिजत ठेवलं की काळ्याचं मातकट तपकिरी होतं. प्रकाश आणि ओल मिळून पृष्ठभागावरच्या गंधकाचं ऑक्सिडीकरण आधीच करून ठेवतात. पाणी लागलं, विशेषतः गरम, की तो दडलेला रंग एका रात्रीत वर येतो. सेल्युलॉइड पाण्याला तितकं घाबरत नाही, पण ज्योत दिसली की भडकतं. मेणबत्ती, लायटर, स्पिरिटचा दिवा यांच्या आसपाससुद्धा ते न्यायचं नाही. अॅसिटोनने तर ते विरघळतंच. केसीन पाणी पितं, फुगतं आणि सुकताना तडकतं, त्यामुळे ते कधीच भिजवायचं नाही. साहित्य ओळखू येत नसेल तर तिन्हींची बंधनं एकदम पाळायची: भिजवणं नाही, ज्योत नाही, द्रावक नाही.

आता लिव्हरवाल्या पेनाकडे येऊ. बाजूला छोटी धातूची पट्टी असते, ती उचलली की आतली पट्टी रबरी सॅक दाबते, सोडली की सॅक फुगते आणि शाई आत येते. शिकायला याहून चांगलं पेन नाही. पहिला नियम मोडायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून तो सांगून ठेवतो. जुनं पेन हातात आलं की लिव्हर उचलून बघू नका. आतली सॅक वाळून काचेसारखी कडक झालेली असते. लिव्हर उचलली की जोर सॅकवर न जाता लिव्हरच्या खिळीवर आणि बॅरलच्या खाचेवर येतो. खिळी वाकते किंवा खाचेची कड तुटते. सॅक मिळेल, तुटलेली कड परत मिळणार नाही.

सेक्शन बॅरलमधून काढायचा आहे. तो बहुतेक वेळा नुसता घट्ट बसवलेला असतो, काही पेनांत आटे असतात, आणि दोन्हींत जुनी लाख सुकलेली असू शकते. हेअर ड्रायर घ्या, हीट गन नको. जोडाच्या जागेवर झोत सोडा आणि पेन बोटांत सतत फिरवत राहा. थांबलात की एकाच बाजूला ताप साठतो. वीस-तीस सेकंदांनी जोड गालाला लावून बघा. गरम वाटावा, पण ठेवता आला पाहिजे. अंदाजे साठ अंश सेल्सिअसची ही जागा आहे. त्याच्या फार पुढे गेलात तर सेल्युलॉइड मऊ पडून वाकतं आणि आणखी पुढे गेलात तर पेट घेतं. मग सेक्शन रबराच्या तुकड्यात धरून वळवायचा. डावी-उजवीकडे हेलकावायचा नाही, कारण हेलकाव्याने बॅरलचं तोंड चिरतं. वळत असताना सेक्शन आपोआप पुढे सरकला तर आटे आहेत, वळवतच राहा. नुसता गोल फिरला तर वळवता वळवता सरळ रेषेत ओढा. हलला नाही तर पुन्हा ताप, पुन्हा प्रयत्न. आठ-दहा फेऱ्या लागल्या तर लागू द्या. पक्कड वापरायचीच असेल तर जबड्यांवर रबरी नळी चढवून, आणि बॅरल मात्र नेहमी हातात. बॅरलवर पक्कड लावली की पोकळ नळी चेपते आणि तिथून पुढे सगळं संपतं.

उघडल्यावर सॅकचे तुकडे निघतात, कधी पापडासारखे, कधी चिकट काळ्या डिंकासारखे. बॅरल उलटं करून झाडा, आत टोकदार नाही अशी सळई फिरवा. आतली दाबपट्टी गंजून पातळ झाली असेल तर बदला. सेक्शनच्या मागच्या, सॅक चढते त्या बोंडावरची जुनी लाख खरवडून बोंड स्वच्छ आणि गोल करा. इथे घाई केली तर नवी सॅक गळणार, हे नक्की.

सॅकचे आकार आकड्यांनी ओळखतात आणि आकडा म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. 16 नंबरची सॅक म्हणजे पाव इंच, सुमारे 6.35 मिलिमीटर व्यासाची. 18, 20 असे पुढचे आकार. बोंडावर ताणून बसेल आणि बॅरलच्या आत सैल सरकेल अशी निवडायची. मोठी सॅक म्हणजे जास्त शाई, हा गैरसमज आहे. बॅरलला घासणारी सॅक दाबलीच जात नाही, वळते आणि लवकर फाटते. लांबी बॅरलच्या आतल्या तळापेक्षा तीन-चार मिलिमीटर कमी ठेवायची, आणि कापायची ती उघड्या बाजूने.

चिकटवायला चपडी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. तिच्याऐवजी सायनोॲक्रिलेट (क्षणात चिकटणारा गोंद) वापरलेली पेनं बाजारात भरपूर दिसतात आणि त्यांच्याकडे बघून वाईट वाटतं. लाख ताप दिला की सुटते, म्हणून पुढच्या माणसाला पेन उघडता येतं. लॅटेक्सची सॅक काही वर्षांनी बदलावी लागणारच आहे, तेव्हा जोड सुटणारा हवा. बोंडावर लाखेचा पातळ थर, सॅकचं तोंड चिमट्याने ताणून चढवायचं, सरळ बसलंय ना बघायचं आणि रात्रभर सुकू द्यायचं. दुसऱ्या दिवशी सॅकवर शुद्ध टाल्क चोळा. सुगंधी पावडर किंवा पिठाचं स्टार्च चालत नाही, ते ओल धरतं. आणि लॅटेक्सजवळ व्हॅसलीन कधीही नको, पेट्रोलियममुळे रबर लवकर गळून जातं. सिलिकॉन ग्रीस ही पिस्टनसाठी, सॅकसाठी नाही.

एक बाजूची गोष्ट. फिकट रंगाच्या सेल्युलॉइडमध्ये, विशेषतः हिरव्या किंवा मोतिया बॅरलमध्ये, लॅटेक्स घालण्याआधी विचार करा. लॅटेक्समधून सुटणाऱ्या गंधकयुक्त वायूंमुळे आतून रंग काळवंडतो. बॅरल सॅकच्या भागात काळं आणि शेवटाला, जिथे सॅक पोचत नाही तिथे, हिरवं अशी पेनं याचीच साक्ष देतात. तिथे पीव्हीसीची सॅक बरी.

सेक्शन परत बसवताना निब लिव्हरच्या रेषेत आणा. कोरडाच बसवा, फार सैल असेल तरच लाखेचा बारीक स्पर्श. मग निब पाण्यात बुडवून लिव्हर उचला. बुडबुडे आले की सोडा, सात-आठ सेकंद थांबा, पाणी आत चढू द्या. परत उचलल्यावर पाण्याची नीट धार निघाली तर काम झालं. बुडबुडेच येत नसतील तर सॅक वळलेली आहे किंवा दाबपट्टी सरकली आहे.

पार्कर व्हॅक्युमॅटिक 1933 चं. त्यात सॅक नाही, बॅरलच्या मागच्या टोकाला रबरी पडदा आहे आणि शाई थेट बॅरलमध्ये राहते. पडदा बदलायला त्या मागच्या युनिटला धरणारं खास अवजार लागतं. ते नसताना पक्कडीने आटे बिघडवलेली युनिटं इतकी सापडतात, की पेन विकत घेताना मागची गोल बुंधी काढून ती बघायचीच. 1929 च्या पेलिकनमध्ये पिस्टन आहे. तो जड फिरतो म्हणून जोर लावला तर आतली सळई तुटते, त्याआधी कोमट पाणी आत-बाहेर करून पुष्कळदा काम भागतं. 1948 पासूनच्या पार्कर 51 एरोमेट्रिकची, म्हणजे सॅक दाबून भरायच्या पेनाची, प्लास्टिकची सॅक आजही बहुतेक ठिकाणी धडधाकट असते. ते उघडू नका. पाणी दाबत राहा, आतल्या बारीक पंखांच्या साठवणीतून जुनी शाई निघायला दोन-तीन दिवस लागतात.

वाळलेली शाई साफ करायला एक भाग घरगुती अमोनिया, नऊ भाग पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब. निब आणि जीभ (निबेखालचा, शाई पुढे नेणारा भाग) यांना पुरेसं आहे. केसीनला किंवा अॅल्युमिनियमला ते लावू नका आणि कुठेही रात्रभर ठेवू नका. शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुवा.

आता निबेकडे वळू या. कागद खरवडणारी निब दिली की लोक लगेच घासायला घेतात. दहा पटींच्या भिंगातून समोरून, टोकाच्या दिशेने, बघितलं की दहातल्या बहुतेक निबांत फटीच्या दोन बाजूंची पाती एका पातळीत नसतात, एवढंच दिसतं. एक वर, एक खाली. वरचं पातं नखाने हलकेच खाली दाबा, सोडा, पुन्हा बघा. पात्यांची फट मुळाशी किंचित रुंद आणि टोकाकडे निमुळती असावी. टोकाशीच उजेड दिसत असेल तर शाई सलग येणार नाही. फट फार घट्ट असेल तर 0.05 मिलिमीटरची पितळी पट्टी आतून सरकवा. इतकं झाल्यावरही खरखर उरली तरच 12,000 ग्रिटच्या ओल्या कागदावर आठचा आकडा काढत चार-सहा फेऱ्या, आणि दर दोन फेऱ्यांनी भिंग. टोकाला वेल्ड केलेला कठीण धातूचा गोळा एकदा घासला की परत वाढत नाही. गोळाच गेला असेल तर निब दुसऱ्याकडे पाठवायची, हे खास काम आहे.

शाई कमी येते किंवा जास्त येते ते बहुधा निब आणि जीभ यांच्यामधल्या अंतरामुळे. एबोनाइटची जीभ असेल तर ती सेक्शनमधून काढून कडक गरम पाण्यात पंधरा-वीस सेकंद ठेवायची आणि निबेवर धरून बोटाने दाबायची. थंड होताना ती निबेचा आकार घेते. प्लास्टिकच्या जिभेला हा उपाय लागू पडत नाही.

विकत घेताना बघायच्या गोष्टींचा क्रम मी असा ठेवतो: टोपणाच्या कडेची बारीक चीर, बॅरलच्या आट्यांची चीर, निबेचं टोक, कोरलेली नाममुद्रा, आणि मग रंग. टोपणात छोटी बॅटरी घातली की चीर उजेडात दिसते. 14 कॅरेटच्या निबेवर पेनाच्या कंपनीचं नाव नसून नुसतं 'वॉरंटेड' लिहिलेलं असेल तर ती सहसा नंतर बदललेली निब. वाईट नसते, पण किंमत त्याच हिशेबाने. पार्करच्या बऱ्याच पेनांवर नाममुद्रेशेजारी एक अंक आणि ठिपके असतात: अंक वर्षाचा शेवटचा, ठिपके तिमाहीचे. ही मुद्रा घासून गेली की पेनाचं वय सांगणारा पुरावाच जातो. म्हणून चकाकी आणण्याच्या हौसेने पॉलिशचं चाक फिरवणाऱ्याला माझा विरोध आहे. तपकिरी झालेलं एबोनाइट तसंच ठेवा. त्यावरची नक्षी आणि अक्षरं काळ्या रंगाहून मोलाची आहेत. सोन्याचा मुलामा असलेल्या क्लिपवर घासणारं पॉलिश लावलं की दोन वेळांत खालचं पितळ डोकावतं.

साठवण करताना एवढं करा. सेल्युलॉइड हवाबंद डब्यात कोंडू नका. विघटन होताना त्यातून निघणारे आम्लयुक्त वायू आत साठतात आणि शेजारच्या पेनांची क्लिप, निबेचा मुलामा खातात. त्यातल्या एखाद्या पेनाला तिखट वास येऊ लागला तर ते लगेच वेगळं काढा. एबोनाइट अंधारात, कोरड्या जागी ठेवा. आणि भरायला साधी, धुतली जाणारी रंगाची शाई वापरा. चित्रकारांची जलरोधक काळी शाई, जिच्यात शेलॅक (लाख) असतं, ती एकदा जिभेच्या खाचांत सुकली की नवी जीभ शोधत फिरायला लागतं.