डेटाबेस परत उभा करताना
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: टर्मिनल, भराभर सरकणाऱ्या ओळी]
पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला एक डेटाबेस बॅकअपमधून परत उभा राहतोय. आधी टेबलांचे सांगाडे, मग डेटा, आणि इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) व फॉरेन की (टेबलांना जोडणारे दुवे) सर्वांत शेवटी. हा क्रम पीजी-रिस्टोअर, म्हणजे बॅकअप परत भरणारं पोस्टग्रेसचं साधन, आपणहून पाळतं. वेळ खातात ती सेटिंग्ज, आणि ती बहुतेक ठिकाणी इन्स्टॉल केल्यापासून कुणी उघडलेलीसुद्धा नसतात.

[दृश्य: सर्व्हरचा लॉग, जवळून]
ही ओळ बघा. चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचे टप्पे, फार लवकर लवकर होताहेत, अशी सर्व्हरची तक्रार आहे. लगेच खाली इलाजही त्यानंच लिहिलाय: मॅक्स-वॉल-साइझ वाढवा. लॉग वाचतो कोण, हा भाग वेगळा!

टेबलात होणारा बदल आधी वॉलमध्ये, म्हणजे राइट-अहेड लॉगमध्ये नोंदवला जातो. त्याच्या आकाराची मर्यादा, मॅक्स-वॉल-साइझ, मुळात १ जीबी. रोजच्या कामाला ठीक, पण शेकडो जीबी ओतायला घेतले की ही मर्यादा सारखी गाठली जाते. मग चेकपॉइंट, आणि मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर.

[दृश्य: डिस्कचा आलेख]
म्हणून हा आलेख असा, करवतीच्या दात्यांसारखा. इथे मर्यादा वाढवली, चेकपॉइंट-टाइमआउट, म्हणजे दोन चेकपॉइंटमधला कमाल वेळ, ५ मिनिटांवरून ३० वर नेला. डिस्कवर तेवढी जागा मोकळी हवी, एवढंच. सर्व्हर रीस्टार्ट करावा लागला नाही, रीलोडवर भागलं.

[दृश्य: तात्पुरत्या फायलींचा फोल्डर]
आता इंडेक्स. ते बांधायला मिळणारी मेमरी, मेंटेनन्स-वर्क-मेम, मुळात ६४ एमबी. मोठ्या टेबलाचं सॉर्टिंग त्यात मावत नाही, ते या फायलींमध्ये सांडतं. २ जीबी दिले, तर फायली कमी झाल्या. मात्र हा आकडा प्रत्येक जॉबला, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कामाला, वेगळा लागू होतो. ४ जॉब म्हणजे ८ जीबी, हिशेब आधी करा.

[दृश्य: सीपीयूचे चार पट्टे]
जॉब वाढवायला पीजी-रिस्टोअरचा ‘जे’ (-j) हा पर्याय. बॅकअप कस्टम किंवा डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये असेल तरच तो चालतो; साध्या एसक्यूएल फाइलला त्याचा उपयोग नाही. तीन पट्टे बसले, चौथा अजून राबतोय. ते सगळ्यात मोठं टेबल आहे. एका टेबलाचा डेटा एकच जॉब भरतो.

[दृश्य: सेटिंग्जची फाइल]
एफसिंक, म्हणजे लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करणारं सेटिंग, बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो. आम्ही तो चालूच ठेवला. बंद असताना मध्येच वीज गेली तर डेटाबेस खराब होऊ शकतो. काम झालं की सेटिंग्ज पूर्ववत करा आणि अ‍ॅनालाइझ ही टेबलांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा चालवा, नाहीतर क्वेरी रखडतील.