‘गिरसप्पा’ला कोळसा पुरला नाही

मंडळी, गिरसप्पाचा धबधबा आपल्याला माहीत आहे. त्याच नावाच्या, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मालवाहू जहाजाविषयी आज बोलायचं आहे. गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली.

५,२३७ टनांचं हे वाफेचं जहाज डिसेंबर १९४० मध्ये कोलकात्याहून बीड (कच्चं ओतीव लोखंड), चहा आणि चांदी घेऊन निघालं. ३० जानेवारीला ते सिएरा लिओनच्या फ्रीटाउनहून एसएल-६४ या जहाजांच्या काफिल्याबरोबर ब्रिटनकडे निघालं. वाटेत वादळ लागलं. समोरून वारा आला की जहाज जेमतेम सरकतं, पण भट्ट्या तेवढाच कोळसा खातात. मैलामागचा खप वाढत जातो. चाल पाच नॉटवर, म्हणजे ताशी जेमतेम नऊ किलोमीटरवर आली. शिल्लक कोळशात मुक्काम गाठणं अशक्य झालं आणि १४ फेब्रुवारीला कॅप्टन हायलंड यांनी काफिला सोडून आयर्लंडच्या गॉलवेची वाट धरली. मला हा निर्णय योग्यच वाटतो. कोळसा संपला की वाफ नाही, वाफ नाही तर जहाज ताब्यात राहत नाही, आणि एकासाठी अख्खा काफिला थांबवता येत नाही.

१६ तारखेला जर्मन विमानाने त्यांना हेरलं. मध्यरात्र उलटताच यू-१०१ पाणबुडीचा टॉर्पेडो दोन नंबरच्या होल्डवर, म्हणजे माल ठेवायच्या कोठारावर बसला. पुढची डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर वायरलेसच्या तारा तुटल्या. मदतीची हाक गेलीच नाही. वीसेक मिनिटांत सगळं संपलं.

सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स यांची एकच होडी तगली. तेरा दिवस उघड्यावर, फेब्रुवारीच्या अटलांटिकमध्ये! होडीत कडक बिस्किटं असतात, पण पाणी संपलं की कोरड्या घशाखाली ती उतरत नाहीत. १ मार्चला कॉर्नवॉलच्या लिझर्डजवळ, किनारा हाताशी आलेला असताना, होडी लाटांत उलटली. ८६ जणांपैकी एकटे एअर्स वाचले.

२०११ मध्ये सुमारे ४,७०० मीटर खोल हे जहाज सापडलं. पुढच्या दोन वर्षांत चांदीच्या २,७९२ विटा वर आल्या आणि जगभर चर्चा चांदीचीच झाली. जहाजावरच्या भारतीय खलाशांबद्दल कुणी फारसं बोललं नाही, याचं वाईट वाटतं. व्यापारी खलाशांच्या लंडनमधल्या टॉवर हिल स्मारकावर त्यांची नावं नाहीत. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या भारतीय व्यापारी खलाशांची नोंद मुंबई आणि चितगावच्या स्मारकांच्या वह्यांत आहे. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे स्टुअर्ड पुष्कळ असत. तुमच्या घरातलं कुणी असं गेलं असेल, तर महायुद्धांत गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. मात्र नुसत्या नावावर विसंबू नका, स्पेलिंग कसंही केलेलं असतं. जहाजाचं नाव आणि बुडाल्याची तारीख आधी मिळवा.