रक्तपेढीची यादी

नमस्कार. रक्तपेढी म्हटलं की डोळ्यांसमोर शीतकपाट येतं आणि त्यात ओळीनं मांडलेल्या लाल पिशव्या. मला आज बोलायचंय ते त्या कपाटाच्याही आधीपासून असलेल्या एका गोष्टीबद्दल: रक्तदात्यांच्या यादीबद्दल.

कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली रक्तगट दाखवून दिले. रक्त चढवल्यावर काही रुग्ण वाचतात आणि काही दगावतात, ते का, हे तेव्हा उलगडलं. पण काढलेलं रक्त काही मिनिटांत गोठायचं, म्हणून दाता रुग्णाच्या शेजारीच हवा. 1914-15 च्या सुमारास सोडियम सायट्रेट या रसायनानं रक्त गोठणं थांबवता येतं हे कळलं, आणि 1917 मध्ये पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर ऑस्वाल्ड रॉबर्टसन या लष्करी डॉक्टरनं बर्फात साठवलेलं रक्त जखमी सैनिकांना दिलं. तंत्र हाताशी आलं. युद्ध संपलं, आणि रुग्णालयांपुढे साधाच प्रश्न उरला: रात्री-अपरात्री रक्त द्यायला माणूस आणायचा कुठून?

याचं उत्तर शोधलं ते पर्सी लेन ऑलिव्हर यांनी. ते डॉक्टर नव्हते. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या रेडक्रॉस शाखेचे ते सचिव होते. ऑक्टोबर 1921 मध्ये किंग्ज कॉलेज रुग्णालयातून त्यांना फोन आला: रक्तदाता तातडीनं हवा आहे. ऑलिव्हर काही सहकाऱ्यांना घेऊन पोहोचले, त्यांतल्या एका परिचारिकेचं रक्त जुळलं. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट इथंच संपली असती. ऑलिव्हर यांनी मात्र पुढच्या फोनचा विचार केला. रक्तगट आधीच तपासलेल्या माणसांची यादी त्यांनी केली, आणि पती-पत्नी मिळून स्वतःच्या घरातून हे काम चालवू लागले. फोन वाजला की यादी बघायची, योग्य माणसाला निरोप धाडायचा. दात्याला मोबदला नाही. या जोडप्याबद्दल मला फार आदर वाटतो, कारण आज जगभर स्वेच्छा रक्तदान ज्या पद्धतीनं चालतं तिचा गाभा त्यांच्या कामात आहे.

पुढे 1937 मध्ये बर्नार्ड फँटस यांनी शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात साठवलेल्या रक्ताची पेढी सुरू केली. तेव्हा रक्त जेमतेम दहा दिवस टिकायचं. पेढी म्हटल्यावर काढलं तेवढं भरण्याचा हिशोब आला, आणि अनेक ठिकाणी तो रुग्णाच्या नातेवाइकांच्या गळ्यात पडला. 'रक्त हवं तर बदली रक्तदाता आणा.' माणूस अतिदक्षता विभागात आहे आणि घरचे दाता शोधत वणवण फिरताहेत, हे मला कधीच पटलं नाही. त्यात धोकाही आहे. दडपणाखाली आलेला भाऊ किंवा मेहुणा स्वतःचा आजार लपवू शकतो. कुणी पैसे देऊन अनोळखी माणूस उभा करतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या आपण करतो, पण संसर्ग झाल्यावर काही काळ तो चाचणीत दिसत नाही. त्या काळात दात्याचं खरं उत्तर हेच मोठं संरक्षण. खरं उत्तर तोच मोकळेपणानं देतो, ज्याला 'आज नको' म्हणून परत जाण्याची मुभा आहे.

'समाजाची' रक्तपेढी म्हणताना समाजात कोण धरायचं, हाही प्रश्न येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रेडक्रॉसनं कृष्णवर्णीयांचं रक्त आधी नाकारलं, मग घेतलं तर वेगळं ठेवलं. रक्तद्रव, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव भाग (प्लाझ्मा), साठवण्याच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता ते डॉ. चार्ल्स ड्र्यू स्वतः कृष्णवर्णीय होते. या भेदाला शास्त्राचा आधार नाही, हे त्यांनी उघडपणे मांडलं. तरी रेडक्रॉसची ती पद्धत 1950 पर्यंत चालली.

आता कपाटाकडे येऊ. काचेच्या बाटलीऐवजी प्लास्टिकची पिशवी आली आणि रक्ताचे घटक वेगळे करणं सोपं झालं. लाल पेशी 2 ते 6 अंश तापमानात, पिशवीतल्या टिकवणाऱ्या द्रावणानुसार 35 ते 42 दिवस टिकतात. रक्तद्रव गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, मात्र साधारण 22 अंशांवर, सतत हलत्या ठेवून, बहुधा पाचच दिवस. म्हणजे मोठ्या शिबिरात एका दिवसात पाचशे पिशव्या जमल्या तरी पुढच्या आठवड्यात कर्करोगाच्या रुग्णाला लागणाऱ्या प्लेटलेट्स त्यातून मिळणार नाहीत. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांना सणवार नाही, सुट्टी नाही.

मोठी दुर्घटना घडली की रक्तपेढीबाहेर रांग लागते. त्या माणसांची तळमळ खरी असते, मी ती कमी लेखणार नाही. पण जखमींना पहिल्या काही तासांत चढतं ते आधीच तपासून ठेवलेलं रक्त. कुणीतरी गेल्या आठवड्यात, काहीही घडलेलं नसताना, येऊन दिलेलं. म्हणून शिबिराच्या आयोजकांना आम्ही विनवतो की दोनशे जण एका दिवशी आणू नका, वर्षभरात वाटून आणा.

आणि काही गटांना साठा उपयोगीच पडत नाही. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जो रक्तगट शोधला, त्या 'बॉम्बे' गटाच्या माणसाला 'ओ' गटाचं रक्तही चालत नाही, त्याच गटाचं लागतं. अशी माणसं इतकी थोडी की रक्त कपाटात वाट बघत ठेवण्यापेक्षा दाता कुठे आहे हे ठाऊक असणं जास्त मोलाचं. शंभर वर्षांनंतरही तिथं ऑलिव्हर यांचीच रीत चालते: यादी आणि फोन.

जाताना बाहेरच्या टेबलावर अर्ज आहेत. शेवटचं रक्तदान कधी केलंत ते आठवून लिहा, चालू औषधं लिहा. आधीपासून नोंद असलेल्यांनी पत्ता आणि फोन नंबर एकदा तपासून घ्या, कारण आमच्या यादीतले बरेच नंबर आता लागत नाहीत.