पिंजऱ्याशी रोज जाणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते विद्यापीठातल्या अ‍ॅनिमल हाऊसबद्दल, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात त्या जागेबद्दल, आणि खरं तर तिथं उंदीर, ससे, गिनीपिग सांभाळणाऱ्या माणसांबद्दल. विद्यार्थी त्यांना मामा म्हणतात, मावशी म्हणतात. शोधनिबंधाच्या शेवटी आभारात कधीतरी त्यांचं नाव येतं, बहुतेक वेळा येतच नाही.

प्राण्यांवर प्रयोग करावेत का, हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलं आहे की जिथं पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागतं, तिथं शिकवण्यासाठी प्राणी वापरू नयेत. पण वाद चालू असतानाही आज सकाळी त्या पिंजऱ्यांत जीव आहेत आणि त्यांना आज पाणी लागणार आहे.

पाण्याचंच घ्या. पिंजऱ्यावर बाटली उलटी लावलेली असते, तिला धातूची नळी. लांबून पाहिलं की बाटली भरलेली दिसते. पण नळीत हवेचा बुडबुडा अडकला, तर भरल्या बाटलीखाली उंदीर तहानलेला राहतो. उलट बाटली गळायला लागली, तर खालचा भुसा भिजतो आणि तो इवलासा जीव रात्रभर गारठतो. जाणता मामा बाटलीकडे बघून पुढं जात नाही. नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतो का ते बघतो, पाणी किती उतरलंय ते बघतो. न प्यायलेलं पाणी ही आजाराची पहिली खबर असू शकते.

कारण उंदीर दुखणं सांगत नाही. जो प्राणी कायम दुसऱ्याचं भक्ष्य होत आला, तो आपलं दुबळेपण लपवतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार केली: डोळे किती मिटलेत, कान कुठं वळलेत, मिशा कशा झाल्यात. फार मोलाचं काम आहे ते. पण मला सांगावंसं वाटतं की अनेक वर्षं पिंजरे बदलणाऱ्या मावशींना यातलं बरंच दिसत असतं. विस्कटलेली लव, पाठीला आलेलं पोक, न बांधलेलं घरटं. त्यांना फक्त कुणी विचारत नाही.

घरट्याचं तर विशेष सांगतो. माणसाला सुखद वाटणाऱ्या खोलीत छोट्या उंदराला थंडी वाजते. त्याला तिशीच्या आसपासचं तापमान मानवतं. म्हणून त्याला कागदाच्या पट्ट्या, मऊ कापूस द्यायचा. तो स्वतःच दातांनी कुरतडून गोल घरटं बांधतो आणि ऊब धरतो. ज्या उंदराची सारी शक्ती अंग गरम ठेवण्यात जाते, त्याच्यावर औषध तपासून काय कळणार?

हाताळण्याचंही तसंच. शेपटीला धरून उचलायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. लिव्हरपूल विद्यापीठातल्या अभ्यासानं २०१० मध्ये दाखवून दिलं की नळकांड्यातून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर कितीतरी कमी घाबरतात, आपण होऊन हाताजवळ येतात. नळकांड्याला खर्च किती येतो? जवळजवळ काहीच नाही. तरीही शेपटीची सवय सुटत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तातले ताणाचे घटक वाढतात. मग प्रयोगात जे मोजलं, त्यातलं औषधाचं किती आणि भीतीचं किती, हे वेगळं कसं काढणार? आकडा बिघडला की तोच प्रयोग पुन्हा, म्हणजे आणखी प्राणी.

आपल्याकडची आव्हानं आणखी वेगळी. मे महिन्यात वीज जाते, वातानुकूलन बंद पडतं आणि जनरेटर सुरू होईपर्यंत कुणीतरी थर्मामीटरपाशी उभं असावं लागतं. बारा तास उजेड आणि बारा तास अंधार हा नेम मोडून चालत नाही. गणपतीत ढोल-ताशे, दिवाळीत फटाके. नुकत्याच व्यालेल्या मादीला फार त्रास झाला, तर ती स्वतःची पिल्लं खाऊ शकते. म्हणून त्या दिवसांत तिचा पिंजरा आतल्या खोलीत हलवावा लागतो, आणि तोही पिल्लं होण्याआधी. भाऊबीजेला सगळी इमारत रिकामी असते, तेव्हाही कुणीतरी कुलूप उघडून आत जातं. बहुतेकदा ते कंत्राटावरचं माणूस असतं.

आणि प्रयोग संपला की प्राण्याला वेदनारहित मरण देण्याचं कामही पुष्कळदा याच हातांवर येतं. ज्याला पिल्लू असल्यापासून खाऊ घातलं, त्यालाच. त्या दिवशी या माणसांशी कुणी दोन शब्द बोलावेत, हवी असेल तर त्यांना त्या कामातून सूट मिळावी, एवढी सोय प्रत्येक संस्थेला करता येईल.

श्रोतेहो, अशा प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राण्यांसाठी नीतिसमिती असते. तिच्या मंजुरीशिवाय प्रयोग सुरू करता येत नाही. तिच्यात पशुवैद्य असतो, संशोधक असतात, आणि विज्ञानाबाहेरचा एक समाजाभिमुख सदस्यही असतो. शिक्षक, वकील, कार्यकर्ता, कुणीही. तुम्हाला कधी असं बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. बैठकीच्या खोलीत कागद पुढं येतील, ते वाचाच. पण आत जाऊन पिंजरेही पाहा, आणि रविवारी इथं कोण येतं, हे विचारून त्या माणसाला भेटा.

नमस्कार.