ट्रक सीमेवरच का रिकामा होतो?

(निर्यातदार आणि मोटारमालकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आयोजकांनी विषय दिला आहे ‘शेजारी देशात ट्रकने माल पाठवण्याची परमिटं’. तुमच्यापैकी बरेच जण अर्ज कुठे करायचा, फी किती, हे लिहून घ्यायला वही घेऊन बसलेत. त्यांची निराशा आधीच करून टाकतो. पिंपळगावला भरलेला ट्रक थेट ढाक्याच्या बाजारात नेऊन उभा करायचं परमिट आज कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. तुमच्या कांद्याला बांगलादेशात जायची परवानगी मिळते. ट्रकला मिळते ती सीमेपलीकडच्या यार्डापर्यंतच.

आपल्याला सवय नॅशनल परमिटची. वर्षाचे १६,५०० रुपये भरले की गाडी देशभर फिरते. त्यामुळे वाटतं, बाहेरच्या देशासाठीही असाच एखादा मोठा कागद असणार, फक्त जरा महाग. तसं नाही. सीमा ओलांडताना मालाची परवानगी वेगळी, गाडीची वेगळी, चालकाची वेगळी. शिवाय गाडीचा विमाही सीमेवर संपतो. पलीकडे कुणाला धडक बसली तर भरपाई कोण देणार, याची सोय स्वतंत्र करावी लागते. युरोपात त्यासाठी ग्रीन कार्ड आहे, पूर्व आफ्रिकेत यलो कार्ड.

आपल्या बाजूला काय घडतं ते बघा. नाशिकहून सुमारे १९०० किलोमीटर तोडून ट्रक पश्चिम बंगालच्या सीमेजवळच्या बनगावला पोचतो. पुढे पेट्रापोल, आणि त्याला लागून बांगलादेशचं बेनापोल. दक्षिण आशियातलं हे सर्वांत मोठं भू-सीमाशुल्क ठाणं. पूर्वी बनगावच्या पार्किंगमध्ये गाड्या दिवसचे दिवस उभ्या असत. आता पश्चिम बंगाल सरकारच्या ‘सुविधा’ पोर्टलवर वेळ आरक्षित करावी लागते. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमकडचा अर्ज), फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (मालावर कीड-रोग नाही याचा दाखला), कस्टमची तपासणी, मग लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर जाऊ द्या असा कस्टमचा हुकूम. त्यानंतर कार पासवर, म्हणजे ट्रकला पलीकडच्या यार्डापर्यंत जायच्या तात्पुरत्या परवान्यावर, ट्रक झिरो पॉइंट म्हणजे सीमारेषा ओलांडून बेनापोलच्या यार्डात जातो. तिथे हमाल गोण्या उतरवतात, त्या बांगलादेशी ट्रकमध्ये भरल्या जातात आणि आपली गाडी रिकामी माघारी येते.

जागतिक बँकेने २०२१ च्या अहवालात याचा हिशोब मांडला. पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला १३८ तास, त्यातले २८ तास निव्वळ या गाडीतून त्या गाडीत माल टाकण्यात. पूर्व आफ्रिकेत एवढाच माल हाताळणाऱ्या सीमांवर सहा तासांच्या आत काम होतं. १३८ तास म्हणजे पावणेसहा दिवस. भर उन्हाळ्यात ताडपत्रीखाली पावणेसहा दिवस ठेवलेल्या कांद्याचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. हॉल्टिंग (गाडी खोळंबल्याचं भाडं), हमाली, घट, सड हे सगळं व्यापारी आधीच धरून चालतो, आणि लासलगावच्या लिलावात बोली लावतानाच वजा करतो. सीमेवरच्या उशिराचं बिल शेतकऱ्याच्या नावे फाटतं ते असं.

मग ट्रकला पलीकडे सोडत का नाहीत? कारणं दोन आहेत. लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं कारण सरकारी तिजोरीचं. भरलेला ट्रक देशात शिरला आणि वाटेतच माल विकून मोकळा झाला, तर जकात बुडाली. यावर जगाने उपाय फार पूर्वी काढला. टीआयआर नावाची व्यवस्था १९४९ पासून युरोपात आहे. सध्याचा करार १९७५ चा, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालचा. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत टीआयआर लिहिलेले ट्रक चित्रांत पाहिले असतील. पतसंस्थेत कर्ज काढताना दोन जामीनदार लागतात ना, तसाच हा प्रकार. ट्रकला सील लागतं, सोबत कारनेट नावाचं एक कागदपत्र असतं, आणि त्यामागे ते देणाऱ्या संघटनेची हमी असते: माल वाटेत गायब झाला तर जकात आम्ही भरू, सध्याच्या मर्यादेत एका कारनेटमागे एक लाख युरोपर्यंत. त्यामुळे मधल्या देशांचे कस्टमवाले माल उतरवून बघत नाहीत, सील शाबूत आहे ना एवढंच पाहतात. भारत २०१७ मध्ये या करारात आला, ७१ वा देश म्हणून. आपल्याकडे कारनेट देण्याचं काम फिक्की या उद्योजकांच्या महासंघाकडे आहे. २०१९ मध्ये अफगाणिस्तानातून इराणमार्गे पहिली टीआयआर खेप आपल्या न्हावाशेवाला उतरली. म्हणजे व्यवस्था इथे आहे. पण साखळीतले सगळे देश तयार नसतील, तर ती कपाटातच राहते.

दुसरं कारण तिजोरीचं नाही, पोटाचं आहे. परका ट्रक आत आला की स्थानिक मोटारमालकाचं भाडं जातं. ही भीती गरीब देशांतच असते असं समजू नका. युक्रेनच्या ट्रकांना पोलंडमध्ये यायला पूर्वी ठरावीक संख्येची परमिटं लागत. युद्ध सुरू झाल्यावर, जून २०२२ मध्ये युरोपीय संघाने ती अट काढून टाकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोलिश मोटारमालकांनीच सीमेवर रस्ते अडवले आणि मागणी केली की परमिटं परत आणा. शेजारचा देश युद्धात आहे, सहानुभूती भरपूर आहे, पण भाड्याचा प्रश्न आला की सहानुभूतीला मर्यादा पडतात. त्यांना नावं ठेवू नका. उद्या परदेशी ट्रक मुंबई-आग्रा रस्त्यावर तुमच्यापेक्षा कमी दराने भाडं उचलू लागले, तर या सभागृहातले निम्मे लोक रस्त्यावर उतरतील.

म्हणूनच जिथे सीमा खुल्या असतात तिथेही हातचं राखलेलं असतं. युरोपीय संघात १९९३ पासून आपसात परमिटांचा कोटा नाही. तरीही माल पोचवून झाल्यावर परक्या ट्रकला त्या देशातल्या देशात भाडी मारायची असतील, तर सात दिवसांत तीनच फेऱ्या. हा नियम कस्टमने मागितलेला नाही, मोटारमालकांनी मागितलेला आहे.

आपल्या भागात दोन्ही प्रश्न एकत्र सोडवायचा प्रयत्न झाला. १५ जून २०१५ रोजी थिंफूला बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्याहून ढाकामार्गे आगरतळ्याला चाचणीचा ट्रक गेला. सिलिगुडीवरून वळसा घेऊन हे अंतर साडेपंधराशे किलोमीटरच्या घरात जातं. बांगलादेशातून साडेसहाशेच्या आत आलं. फोटो निघाले, हिरवे झेंडे दाखवले गेले. पुढे भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने करार नाकारला: एवढ्याशा देशात बाहेरच्या गाड्यांचा लोंढा आला तर रस्त्यांचं, हवेचं आणि आमच्या ट्रकवाल्यांचं काय? प्रश्न रास्त होता. २०१७ मध्ये भूतानने उरलेल्या तिघांना पुढे जायला सांगितलं. ते पुढे जातायत, कागदोपत्री.

नेपाळचं मात्र वेगळं आहे. रक्सौलहून वीरगंजला भारतीय ट्रक भन्सार (नेपाळचं सीमाशुल्क) भरून आत जातो आणि माल पोचवतो. तेच चालक, तीच गाडी. त्यामुळे ‘आपल्याकडे हे शक्यच नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला रक्सौलला पाठवा. तिथेही खोळंबा आहे, पण माल दोनदा उचलावा लागत नाही.

पंजाबात पाकिस्तानच्या सीमेवर असलेल्या अटारीचं उदाहरण तर अजबच. भारताने अफगाणिस्तानला ५० हजार टन गहू मदत म्हणून द्यायचं ठरवलं. रस्ता पाकिस्तानातून. धान्य फुकट, भुकेबद्दल दुमत नाही, तरी बोलणी काही महिने चालली, कारण ट्रक कुणाचे हा मुद्दा होता. अखेर २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अफगाण ट्रक अटारीहून गहू भरून निघाले.

आणि परवानगी मिळाली तरी ती टिकते का? २०२० मध्ये आपण बांगलादेशच्या निर्यात मालाला आपल्या बंदरांतून आणि विमानतळांवरून तिसऱ्या देशात जायची सवलत दिली. एप्रिल २०२५ मध्ये एका परिपत्रकाने ती काढून घेतली. मे महिन्यात तिथल्या तयार कपड्यांना भू-मार्ग बंद केला. यायचं तर न्हावाशेवा किंवा कोलकाता बंदरातून. त्यांनीही आपल्या सुताला भू-ठाण्यांवर आधीच मज्जाव केला होता. वरूड-मोर्शीच्या संत्र्याला फाटक उघडं राहिलं, पण त्यांनी आयात शुल्क इतकं वाढवलं की गाडी भरणं परवडेना.

समोरून एक चिठ्ठी आली आहे: ‘उद्या माल पाठवायचा तर आम्ही काय करावं?’ एवढंच करा. ‘बेनापोल पोच’ असा सौदा केलात, तर खोळंब्याचं हॉल्टिंग कुणाच्या माथी हे करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं तिथे कुणी ऐकत नाही. आणि लेट एक्स्पोर्ट ऑर्डर कधी निघाली ती तारीख जपा. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली, तेव्हा पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर या सीमाठाण्यांवर शेकडो गाड्या अडकल्या. काही दिवसांनी सरकारने ज्यांना सोडलं, त्यांच्या हातात ती ऑर्डर बंदीपूर्वी पडलेली होती. बाकीच्यांनी भरल्या गाड्या वळवल्या आणि मिळेल त्या भावाने कोलकात्यात माल विकला.