ऐका हो ऐका, उद्या ग्रामसभा

(दृश्य: ऑगस्टमधली ओली सकाळ. ग्रामपंचायतीच्या ओट्याच्या आडोशाला एक म्हातारा काटक्या पेटवतोय. मांडीवर हलगी.)

पावसाळ्यात हलगी बोलत नाही. कातडं सर्दावतं, आणि टिपरू मारलं की ओल्या पुठ्ठ्यावर थाप बसल्यासारखा आवाज येतो. म्हणून आधी जाळ करायचा. हलगी त्याच्यावर धरायची, फिरवायची, मधूनमधून बोटानं टिचकी मारून बघायची. पाचव्या-सहाव्या टिचकीला ती खणकन वाजते. मग उठायचं.

तात्या या ग्रामपंचायतीत शिपाई होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आज ते दवंडी देणार आहेत ती गावासाठी नव्हे, आमच्या कॅमेऱ्यासाठी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गावानं शेवटची दवंडी कधी ऐकली हे गावाला आठवत नाही.

(तात्यांचा आवाज, गल्लीतून)

"ऐका हो ऐकाऽऽ! उद्या सकाळी धा वाजता मारुतीच्या देवळात ग्रामसभा हाय होऽऽ! घरटी एकानं तरी यायचं हाय होऽऽ!"

दोन पोरं मागं लागली. एका दारातून एक बाई डोकावली आणि विचारती झाली, "तात्या, खरंच हाय का शूटिंगचं?"

खरंच होती. उद्या पंधरा ऑगस्ट, झेंडावंदनानंतर ग्रामसभा. सात दिवसांपूर्वी नोटीसही लागली होती. बाईंना पत्ता नव्हता.

(दृश्य: गावाचं शिवार, वरून. ऊस, सोयाबीन, मधून जाणारा ओढा.)

गाव सातारा जिल्ह्यातलं आहे. नाव मुद्दाम घेत नाही. घेतलं, तर शेजारच्या गावांना वाटेल की आपल्याकडं असं काही नाही.

महाराष्ट्रात अशा सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांचा कायदा १९५८चा. त्याच्या वर पंचायत समिती आणि जिल्हा परिषद, त्यांचा कायदा १९६१चा. १ मे १९६२ला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढं ७३वी घटनादुरुस्ती आली, २४ एप्रिल १९९३ला लागू झाली, आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा मिळाली. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. वर्गणी नाही, अर्ज नाही. फक्त सभा कधी आहे ते कळायला हवं.

इथंच सगळं अडतं.

(दृश्य: चावडीचा जुना दगडी चौथरा. तात्या पायरीवर बसलेले.)

दवंडीविषयी बोलताना लोकांचा सूर हळवा होतो. काय ते दिवस होते, गावभर आवाज जायचा, वगैरे. तात्यांच्या समोर कुणी असं बोललं, की ते हलगी बाजूला ठेवतात आणि बिडी शोधतात.

दवंडी देणं हे वतनाचं काम होतं. सरकारी सांगावा गावभर पोचवायचा, शेतसाऱ्याच्या पैशाबरोबर तालुक्याला चालत जायचं, कुणाच्या घरी माणूस गेलं तर पाहुण्यांच्या गावाला निरोप घेऊन पळायचं. ही कामं महार वतनदारांच्या वाट्याला होती, आणि मोबदला म्हणजे थोडी जमीन, थोडं बलुतं आणि रात्री-अपरात्रीचा हुकूम. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक मांडलं, ते वतनाच्या नावाखाली चाललेली ही वेठ मोडण्यासाठी. ज्याच्या तोंडून गावाला बातमी कळायची, त्याला चावडीवर बरोबरीनं बसायला जागा नव्हती.

तात्या म्हणतात, "माझ्या आज्यानं वतन म्हणून दवंडी दिली. मी पगारावर दिली. हलगी एकच, पर फरक लई हाय."

तो फरक ध्यानात ठेवून मगच दवंडीचा एक गुण सांगतो: ती दारात यायची. ऐकणाऱ्याला वाचता यावं लागत नव्हतं, चार्जिंग लागत नव्हतं, कुणाच्या यादीत नाव असावं लागत नव्हतं. चुलीपुढं बसलेल्या बाईलाही ती तितकीच ऐकू यायची जितकी पारावरच्या गड्याला. ग्रामसभेची माहिती दवंडीनं द्यावी, हे नियमांत आलं ते उगाच नव्हे.

(दृश्य: ग्रामपंचायतीचा नोटीस बोर्ड, अगदी जवळून. काचेच्या आत दमटपणानं फुगलेले कागद.)

आता ही नोटीस. ए-फोर कागद, वर जावक क्रमांक, खाली गोल शिक्का आणि सही. बोर्डाच्या काचेला कुलूप, आणि काचेवर आतून वाफ धरलेली. 'विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' पुढं जमाखर्चास मंजुरी, शासकीय परिपत्रकांचे वाचन, विकास आराखडा, घरकुल लाभार्थ्यांची यादी. आणि सगळ्यात शेवटी ते सुप्रसिद्ध वाक्य: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे.'

ही भाषा मराठी आहे, पण घरात कुणी बोलत नाही. 'विकास आराखडा' म्हणजे येत्या वर्षात गटार कोणत्या आळीला होणार आणि कोणत्या आळीला नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 'बंधित' म्हणून जो साठ टक्के भाग ठरला, तो पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचा होता. म्हणजे त्यातून कमान उभी करायची नाही. 'जमाखर्च' म्हणजे तुम्ही भरलेली घरपट्टी कुठं गेली. असं लिहिलं असतं तर बोर्डापुढं गर्दी झाली असती. कदाचित म्हणूनच लिहिलेलं नाही. हा माझा संशय, पुरावा नाही.

बोर्डापुढं आम्ही दुपारभर कॅमेरा लावून ठेवला. एक शेळी आली, एक पोरगा चेंडू शोधायला आला, आणि घराचा आठ अ उतारा काढायला आलेल्या एका गृहस्थांनी काचेत बघून केस नीट केले.

(दृश्य: मोबाईलचा स्क्रीन. हिरव्या चौकटी, खाली अंगठे.)

"आता सगळं ग्रुपवर टाकतो," भाऊसाहेब सांगतात. हुद्द्याचं नाव आता ग्रामसेवक राहिलं नाही, २०२४ पासून 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय. गावाच्या लेखी ते भाऊसाहेबच. त्यांच्याकडं दोन गावांचा कार्यभार, त्यामुळं सोमवार-गुरुवार इथं आणि बाकी तिकडं. माणूस कामसू आहे. नोटिशीचा फोटो त्यांनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकला होता.

ग्रुपवर कोण आहे ते आम्ही बसून पाहिलं. सरपंच, सदस्य, सोसायटीचे संचालक, तरुण मंडळाची पोरं. आणि बरेचसे नंबर गावात नसलेल्यांचे: कोपरखैरणे, घाटकोपर, पिंपरी, भोसरी. गावच्या यात्रेची वर्गणी इथूनच येते, म्हणून ही मंडळी आधी ग्रुपवर आली. बायकांचे नंबर हाताच्या बोटांवर. सरपंच स्वतः बाई आहेत. पंचायतीतल्या निम्म्या जागा २०११ पासून बायकांना राखीव आहेत. पण ग्रुपवर सरपंचांच्या नावापुढं जो नंबर आहे, तो त्यांच्या यजमानांचा.

वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी काम करणारा एक जण या ग्रुपवर आहे. राहायला कोपरखैरण्याला. त्याची आई गावात एकटी असते, ग्रामपंचायतीपासून चौथ्या घरात. सभेची नोटीस लागल्याचं तिला कळलं ते असं:

"आये, पंधरा तारखेला ग्रामसभा हाय. नळाचं इचार."

"तुला कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर आलंय."

म्हणजे चौथ्या घरापर्यंत पोचायला बातमीला आधी घाट उतरून नवी मुंबई गाठावी लागली.

(दृश्य: भुईमुगाचं रान. बायका ओळीनं भांगलताहेत.)

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. ती चौदा तारखेला होती, सकाळी अकराला. चौदा ऑगस्टला अकरा वाजता या गावातल्या बायका कुठं असतात, ते तुम्ही पडद्यावर बघताय. संध्याकाळी प्रोसिडिंग बुक घरोघरी फिरलं. सह्या झाल्या, अंगठे झाले. एकीनं विचारलं, "कशाची हाय?" उत्तर आलं, "सभेची."

(दृश्य: जिल्हा परिषदेची इमारत, बाहेरून. फायली घेऊन जाणारी माणसं.)

गावाचं हे, तर जिल्ह्याचं काय? शाळा झेडपीची, दवाखाना झेडपीचा, गावाला तालुक्याशी जोडणारा रस्ता बहुतेकदा झेडपीचा. तिथल्या बातमीला खाली यायला एकच वाट होती, आपल्या गटाचा निवडून दिलेला सदस्य. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. प्रशासक आले. ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगेपर्यंत तीन वर्षं उलटून गेली होती. या काळात रस्त्याच्या खड्ड्याबद्दल विचारायला लोक माजी सदस्याकडंच जात राहिले. त्यालाही काही माहीत नसायचं, पण तो चहा पाजायचा.

सरकारी ॲप आहे, ई-ग्रामस्वराजची वेबसाइट आहे, २०२० पासून. आपल्या गावाचा आराखडा आणि झालेला खर्च तिच्यावर दिसतो, कुणाची परवानगी लागत नाही. आम्ही तात्यांच्या नातवाला ती उघडून दाखवली. त्यानं बराच वेळ खाली-वर केलं आणि मग ओरडला, "आज्या, आपल्या वस्तीवरचा रस्ता झालाय की!"

तात्यांनी दारातल्या चिखलाकडं बघितलं.

(दृश्य: मारुतीचं देऊळ. भिंतीला टेकलेली माणसं. एका कोपऱ्यात चपलांचा ढीग.)

पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या. दहा वाजता देवळात बारा माणसं होती. साडेदहाला चाळीसच्या आसपास. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा लहान तो. मतदार ६६६च्या वर गेले, की आकडा शंभरावर थांबतो. या गावात मतदार दीड हजाराच्या घरात, म्हणून शंभर माणूस हवं.

नसेल, तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पुढच्या तारखेला वीस माणसं आली तरी चालतात, त्यांनी हात वर केले की घरकुलाची यादी मंजूर. पुष्कळ गावांत पहिली सभा तहकूब होणार हे पंचांगासारखं आधीच ठरलेलं असतं. बेकायदेशीर त्यात काही नाही, म्हणून तक्रारही कुठं करता येत नाही.

भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटायला घेतलं, तेवढ्यात चपलांच्या ढिगाजवळून आवाज आला. चौथ्या घरातली आजी. पदर खोचलेला, हातात नळाच्या अनामत रकमेची पावती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली.

"नळाचं काय?"

"आज्जी, सभा तहकूब झाली. पुढच्या सभेत घेऊ."

"मग पुढची कधी हाय?"

"नोटीस लागेल की."

"नोटीस लावून सांगू नका. आत्ता सांगा. हितंच, समद्यांच्या म्होरं."

देवळात जरा शांतता झाली. सरपंचांच्या यजमानांनी भाऊसाहेबांकडं बघितलं. सरपंचबाईंनी, आतापर्यंत एक शब्द न बोललेल्या, रजिस्टर आपल्याकडं ओढलं आणि तारीख सांगितली. वार सांगितला. वेळ बदलली: सकाळी दहाच्या ऐवजी रात्री आठ, भांगलण उरकून बाया घरी आल्यावर. तात्या उठून बाहेर गेले. हलगी आणायला गेले असतील असं आम्हाला वाटलं आणि कॅमेरा वळवला. ते बिडी ओढायला गेले होते.

तारखेचा फोटो ग्रुपवर गेला. पाच मिनिटांत अकरा अंगठे.

दुपारी आजी चुलीपुढं होती. फोन वाजला, कोपरखैरण्याहून.

"आये, सभा तहकूब झाली जणू?"

"झाली की. मी हुते तिथं."